शून्याचा पिवळा

आमच्या रंगाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पूर्वी प्रायमरचे डबे राहायचे. आता तिथे एक मासा राहतो आणि डबे आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत रचलेत. पाहुण्यांना आम्ही चहा त्यांच्यावरच ठेवून देतो. आजवर एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. यायचेच बंद झालेत.

मासा समुद्रातला आहे. तळहाताएवढा, चपटा, आणि डोळ्यांत भरेल असा पिवळा. तो आला त्या दिवशी बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, शेड कार्ड काचेला लावलं, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "एकशे एकवीस नंबर."

"झालं, बारसं झालं," आत्या काउंटरवरून म्हणाली.

पण नाव पडलं मुकादम. कारण दिवसभरात चार वेळा तो टाकीच्या चारही काचांपाशी जायचा, प्रत्येक ठिकाणी दोन क्षण थांबायचा, आणि काम काही मनासारखं चाललेलं नाही अशा चेहऱ्याने पुढे सरकायचा.

मुकादम खरं तर आमचा नाही, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यासमोर बसलं की दाढदुखीवाली पोरं रडायची विसरायची. गेल्या वर्षी एका बऱ्या झालेल्या पेशंटने कृतज्ञता म्हणून दोन मासे भेट दिले आणि कुणीतरी ते थेट टाकीत सोडले. त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके होते. अकरा दिवसांत टाकीत फक्त पाणी उरलं. कृतज्ञतेने इतकं नुकसान मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं, कारण कुणीही न विचारता माशांबद्दल बोलणारी मी गावात एकटीच. मी टाकी शहात्तर दिवस बिनमाशांची ठेवली, म्हणजे त्यातले परजीवी उपाशी मरतात. मग मुकादम आणला आणि सांगितलं, हा आधी तीस दिवस वेगळा राहील, औषधात. नंतरच तुमच्याकडे.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हा सुखरूप आला तर टाकी कायमची तुझ्या ताब्यात. मासे, पाणी, सगळं तू बघायचं. आणि हा गेला, तर मी टाकी काढून तिथे टीव्ही लावणार. टीव्हीवरही मासे दाखवतात. आणि ते मरत नाहीत."

घरीही एक अट होतीच. टाकी हातून गेली की मी काउंटरमागे बसून रंग कालवायचे. बाबा हे प्रेमाने म्हणाले होते, म्हणून जास्त भीती वाटली.

तर मुकादमची आमच्याकडची टाकी म्हणजे शंभर लिटरचा उघडाबोडका काचेचा चौकोन. वाळू नाही, दगड नाहीत. ते औषध शोषून घेतात. लपायला प्लंबरकडचे पाइपाचे तीन तुकडे. एक हीटर. आणि एक स्पंजचा फिल्टर, त्यात जंतू राहतात. चांगले जंतू. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष, आणि हे जंतू तो खाऊन टाकतात. अडचण अशी की पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मारायला पाण्यात तांब्याचं औषध घालावं लागतं. मीटरवर त्याचा आकडा तीस दिवस दोनच्या खाली जाता कामा नये. आणि तांब्याने आपले जंतूही मरगळतात. म्हणजे घाण करणारा ठणठणीत आणि झाडूवाले रजेवर. मग झाडायचं कुणी? मी. रोज सकाळी अमोनिया मोजायचा आणि वाढलेला दिसला की पाणी बदलायचं.

मोजायची रीत सोपी आहे. छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. नळी पिवळी राहिली तर अमोनिया शून्य. हिरवट झाली तर आहे. किती आहे ते सोबतच्या कार्डावर सहा चौकटी असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं.

आता, पिवळा आणि किंचित हिरवट पिवळा यांतला फरक ओळखण्यावर ज्या घराचं पोट बत्तीस वर्षं चाललंय, त्या घरात हे काम शांतपणे होणं शक्यच नव्हतं.

"याला पिवळा म्हणतात?" पहिल्याच दिवशी बाबांनी कार्ड हातात घेतलं. "हा छापणाऱ्याला धरून आणा. नळी निराळी, चौकट निराळी. जुळतंय कुठे?"

"बाबा, शून्य आहे. एवढंच बघायचं असतं."

"शून्य असेल. पिवळा नाही."

"अरे, पाणी आहे ते," आत्या म्हणाली. "भिंतीला नाही लावायचं."

"ताई, तू गिऱ्हाईक बघ."

"गिऱ्हाईक तुलाच बघायला उभं राहिलंय."

पण आठवडा झाला आणि बाबांना चटक लागली. शटर उघडायच्या आधी ते मागे यायचे, नळी उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "हिरव्याचा पाव थेंब." किंवा, "आज अर्धा." ते कधीच चुकायचे नाहीत. मी त्यांच्या शब्दावर पाणी बदलायचे. कार्डाला मात्र ते रोज शिव्या घालायचे. जुळत नाही, जुळत नाही, जुळत नाही. मुकादम या चर्चेच्या वेळी हटकून त्या बाजूच्या काचेशी येऊन थांबायचा. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी माझ्या हातून कार्ड बादलीत पडलं. खाऱ्या पाण्यात शाई फुटली आणि सहाच्या सहा चौकटी एकमेकींत मिसळल्या. मी दुसरं मागवणारच होते. पण संध्याकाळी बाबांनी ते आणून दिलं. सुकवलेलं, वर प्लास्टिक चढवलेलं, कडा कापून सरळ केलेल्या.

"घे. दुरुस्त केलं."

"अरे वा! पुसून निघाली शाई?"

"दुरुस्त केलं," बाबा म्हणाले, आणि इतक्या समाधानाने निघून गेले की मी पुढे विचारलंच नाही. चूक इथे झाली. बापाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं की चौकशी करायला हवी.

त्यानंतर अमोनिया शून्य यायला लागला. पंधरावा दिवस, शून्य. सोळावा, शून्य. सतरावा, शून्य. नळी आणि चौकट अशी जुळायची की बघत राहावं. बाबासुद्धा गप्प. मी निष्कर्ष काढला की माझ्या जंतूंनी तांब्याशी जुळवून घेतलंय. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला. पाणी बदलणं मी एक दिवसाआड केलं, मग बंदच केलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, "कारभार चोख आहे."

"जंतूंनी जुळवून घेतलंय," मी आत्याला म्हटलं.

"तुझ्या बापापेक्षा बरे निघाले," आत्या म्हणाली.

एकविसाव्या दिवशी दुपारी मी मागे गेले तर मुकादम फेरीवर नव्हता. फिल्टरचे बुडबुडे जिथे वर येतात तिथे, पाण्याच्या वरच्या थरात, तो तिरका उभा होता. कल्ले भराभर उघडमीट करत होते. सकाळी चिमट्याला लावलेली समुद्री शेवाळाची पट्टी जशीच्या तशी.

मी घाबरत नाही. मी मोजते. क्षार मोजले: बरोबर. तापमान: बरोबर. तांबं: दोन पूर्णांक दोन, बरोबर. अमोनिया: शून्य, फार तर शून्याचा शेजारी. खोलीत सगळं बरोबर होतं, मासा सोडून.

बाबांना हाक मारली. ते आले, त्यांनी दोन सेकंद टाकीकडे पाहिलं.

"हा एकशे अठरा आहे."

"काय?"

"एकशे एकवीस होता. तीन शेड उतरलाय. ऊन लागतंय का याला?"

"बाबा, या खोलीला खिडकीच नाहीये."

"मग आतून उतरलाय."

मी नळी त्यांच्या हातात दिली. "अमोनिया तर नाहीये. बघा तुम्हीच."

त्यांनी नळी आणि कार्ड एकमेकांशेजारी धरलं. "जुळतंय. काय सुरेख जुळतंय बघ."

त्या 'सुरेख'वर माझं डोकं अडकलं. चौदा दिवस हा माणूस जुळत नाही म्हणून छापखान्याचा उद्धार करत होता.

"आत्ताच कसं जुळायला लागलं हो?"

"म्हणजे काय? दुरुस्त केलं ना मी."

कोपऱ्यात वीस लिटरचा एक कॅन होता. त्यात मीठ कालवून तयार ठेवलेलं नवं पाणी, ज्याने आयुष्यात मासा पाहिलेला नव्हता. मी त्यातलं थोडं नळीत घेतलं, थेंब टाकले. पाच मिनिटं आम्ही दोघं नळीकडे बघत उभे राहिलो. तिचा रंग आला स्वच्छ, कोवळा पिवळा. कार्डावरची शून्याची चौकट त्याच्यापुढे चक्क हिरवी दिसत होती.

थोडक्यात, नव्या पाण्यात शून्यापेक्षा कमी अमोनिया होता. एकतर मी निसर्गाचा नियम मोडला होता, नाहीतर बाबांनी.

"बाबा, ही शून्याची चौकट कशावरून बनवलीत?"

"नमुन्यावरून."

"कुठल्या?"

"तुझी नळी होती की स्टँडवर, त्या दिवशी सकाळची; मी माल उतरवत होतो, बघायची राहिली होती ती. तू रोज शून्य शून्य म्हणून नाचतेस. म्हटलं, चला, शून्य समोरच उभं आहे. मशीनवर जुळवलं. मग तिथून पुढच्या पाच चौकटी एकेक पायरी हिरव्याकडे नेल्या." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "अडीच तास लागले मला."

त्या सकाळी शून्य नव्हतं. त्या सकाळी अमोनिया वाढला होता, म्हणून तर मी बादली घेऊन पाणी बदलायला आले होते आणि कार्ड त्याच बादलीत पडलं होतं. पण बत्तीस वर्षं लोक भिंतीचा टवका घेऊन येतात आणि बाबा त्याच्याशी रंग जुळवून देतात. टवकाच चुकलाय, असं गिऱ्हाइकाला म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. बाबांनी कार्ड टाकीच्या पाण्याशी जुळवलं होतं. आता पाणी घाण होतं, पण स्वतःशी तंतोतंत जुळत होतं.

मी हे सांगितलं. बाबांनी बसायला डबा शोधला; डबे घरी होते. एकच उरला होता, त्यावर बसले.

"म्हणजे मी मारला याला?"

"मेला नाहीये अजून. उठा."

आत्या तोवर मागे आली होती आणि फळीवरून एक बाटली काढून उभी होती. "यावर लिहिलंय, अमोनिया तत्काळ निष्प्रभ."

"आत्या, ठेव ती. तांब्याच्या पाण्यात ती घातली तर तत्काळ मासा निष्प्रभ."

आत्याने बाटली अशी ठेवली की जणू तिनेच मला वाचवलं.

इलाज एकच होता. शंभरातलं साठ लिटर पाणी बदलायचं, आत्ता. तयार होतं वीस. उरलेल्या चाळीससाठी शुद्ध पाणी होतं, मीठ होतं, वेळ नव्हता. एरवी मी मीठ घालून छोटा पंप लावते आणि दुसऱ्या दिवशी वापरते.

"ढवळायचंच आहे ना?" बाबा म्हणाले.

आवाज बदलला होता. दुकानातला आवाज. त्यांनी दोन कोऱ्या बादल्या आणल्या, झाकणं न उघडलेल्या. ड्रिलला लावायची ढवळणी आणली, तीही पाकीटबंद. मी दोन्ही धुतल्या, पाणी ओतलं, मीठ तोललं, आणि बाबांनी ड्रिल चालू केलं. बादलीत भोवरा उठला. ज्या माणसाने आयुष्यात लाखभर लिटर रंग घोटलाय, त्याच्यापुढे मिठाचं काय चालणार? पाव तासात पाणी काचेसारखं. क्षार मोजले: नेमके. बादल्यांत हीटर सोडले.

"आता प्रत्येक वीस लिटरला तांब्याचे इतके थेंब," मी आकडा सांगितला. "टाकीत तांबं कमी पडायला नको."

"थेंब माझ्यावर सोड."

बाबांनी दोन्ही बादल्यांत थेंब टाकले. मोजताना ओठ हलत होते, हात हलत नव्हता.

"आणि तो कॅन?"

"तो मी बघते. तुम्ही आज पुरेसं बघितलंय."

असं बोलायला नको होतं. बरं वाटलं पण.

मी घाण पाणी पाइपने काढायला घेतलं आणि पुढून आवाज आला, "आहे का कुणी?" डॉक्टरीणबाई. दुपारच्या सुट्टीत, हातात टीव्हीचं माहितीपत्रक. आत्याने त्यांना अडवायचा प्रयत्न म्हणून "बाहेरचा रंग हवा की आतला?" असं विचारलं, पण त्या सरळ मागे आल्या. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघायची सवय. टाकीतही तशाच वाकून बघायला लागल्या.

"हा असा तिरका का?"

खोटं बोलायला सुचलं असतं तर बोलले असते. पण हातात पाइप होता.

"अमोनिया झालाय. पाणी बदलतेय. त्या डब्यावर बसा."

त्या बसल्या. मी पाणी काढता काढता आणि मग नवं पाणी हळूहळू सोडता सोडता सगळं सांगितलं. कार्ड, नमुना, अडीच तास, सहा चौकटी. जरा रंगवूनच सांगितलं. बाबा ड्रिल छातीशी धरून उभे होते, शाळेतून घरी चिठ्ठी आल्यासारखे.

"तुम्ही कार्ड पाण्याशी जुळवलंत?" त्यांनी बाबांना विचारलं.

"नमुना समोर होता, मॅडम."

त्यांनी मान डोलावली. अपमान करायचा की दाद द्यायची हे त्यांना ठरवता आलं नसावं.

अर्ध्या तासाने मुकादमचे कल्ले सावकाश झाले. तो बुडबुड्यांपासून सुटला, सरळ झाला, डाव्या काचेपाशी गेला, दोन क्षण थांबला. मग शेवाळाच्या पट्टीचा एक लचका तोडला.

"वाचला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वाचला," मी म्हटलं, अगदी सहज, म्हणजे रोजचंच आहे अशा थाटात. आणि त्याच थाटात तांब्याचं मोजमाप केलं.

एक पूर्णांक आठ.

पुन्हा केलं. एक पूर्णांक आठ.

"माझे थेंब मोजलेले आहेत," बाबा लगेच म्हणाले.

ते खरंच होतं. बाबांचे थेंब चुकत नाहीत. मी कॅनकडे पाहिलं. तो मी टाकीत ओतला होता. बाबांची चूक डॉक्टरीणबाईंना रंगवून सांगत असताना. औषध न घालता.

"कॅनमध्ये तांबं घातलंच नाही मी."

बाबांनी आधी ड्रिलची वायर नीट गुंडाळली. त्यांच्या मानाने हा मोठेपणा होता. मग म्हणाले, "कुणी बघणार होतं म्हणे तो कॅन."

मी औषध वाढवलं, आकडा दोनच्या वर आणला. दहा मिनिटांचं काम. पण दिवसांची मोजणी गेली ती गेली. तांबं मध्येच उतरलं की परजीवीला तेवढी फट पुरते. तो मुकादमच्या अंगावर बसून दवाखान्यात जाणार आणि शहात्तर दिवस रिकामी ठेवलेली टाकी पुन्हा पहिल्यापासून.

बाबा माझ्या कानाशी आले. "दोन दशांश. तेही अर्धा तास. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं," डॉक्टरीणबाई डब्यावरून म्हणाल्या.

"बाबा, डब्यात हिरव्याचा अर्धा थेंब जास्त पडला तर तुम्ही तो गिऱ्हाइकाला देता?"

"छे!"

"मग?"

बाबांनी ड्रिल खाली ठेवलं. मी हात पुसले आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर उभी राहिले.

"एकवीस दिवस रद्द. आज पहिला. इथून तीस."

"नऊ दिवसांनी टीव्हीवाला येतोय. मासा तोवर आला नाही तर टीव्ही घेईन, असा शब्द दिलाय मी त्याला." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "आणि हा तर खातोय, फिरतोय. नऊ दिवसांनी का नको?"

"तुमचा पेशंट तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, दुखायचं थांबलं, आता गोळ्या बंद करतो. तर तुम्ही काय करता?"

त्यांनी हातातल्या माहितीपत्रकाची घडी घातली. रोज पंचवीस जणांना ऐकवलेलं वाक्य आपल्याच तोंडात आल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी प्रथमच पाहिलं.

"खुर्चीत बसवून दहा मिनिटं झापते," त्या शेवटी म्हणाल्या.

"माझ्याकडे खुर्ची नाही. डबा आहे. त्यावर तुम्ही आधीच बसलायत."

आत्याला ठसका लागला. ती पाणी प्यायला बाहेर गेली आणि दाराआड उभी राहिली. सावली दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मीटरकडे, जे त्यांना वाचता येत नव्हतं.

"कार्ड?"

"आज नवं मागवते. छापील. बाबा त्याला हात लावणार नाहीत."

"छापील जुळत नाही गं," बाबा कळवळून म्हणाले.

"न जुळू दे. आणि पाणी रोज बदलणार, नळी काहीही म्हणो. औषध कशात घातलं, ते बादलीवरच खूण करून ठेवणार. मी विसरू शकते हे आज कळलं."

डॉक्टरीणबाईंनी फोन काढला आणि टीव्हीवाल्याला लावला.

"हं, मी दातांची डॉक्टर. तो टीव्ही नकोय. नाही नाही, पुढच्या महिन्यातही नको." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही हो, टाकी बिघडलेली नाही. कोर्स चालू आहे."

मी पुन्हा मोजमाप केलं. दोन पूर्णांक दोन. वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं, दिवस पहिला.